आंबा न घालता

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्क न भरता आणता येतं. माझ्या भाच्याने या नियमाचा हिशेब मिलीलिटरपर्यंत केला होता: ४७३चे दोन कॅन आणि ३५५च्या दोन बाटल्या. तिसरी बाटली उचलली असती तर ११ मिलीलिटर जास्त झाली असती. कॅन होते हेडी टॉपरचे. ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या 'द अल्केमिस्ट' ब्रुअरीची गढूळ आयपीए जातीची बिअर, चांगली आठ टक्के अल्कोहोलची. आणि बाटल्यांत होती त्याने बॉस्टनला स्वतःच्या स्वयंपाकघरात केलेली तिची नक्कल. पार्ल्याच्या घरी फ्रिजमधलं दूध आणि कोथिंबीर बाजूला सारून सगळं गार करायला ठेवलं गेलं आणि मला परीक्षक नेमण्यात आलं.

अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८च्या कायद्याने मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. घरी करणं सोडाच, प्यायलाही परवाना लागतो. तो माझ्याकडे आहे, हे इथेच लिहून ठेवलेलं बरं. तेव्हा करणार तो तिकडे आणि नावं ठेवणार मावशी इकडे, अशी आमची वाटणी.

त्याच्या खटाटोपात मला सगळ्यात आवडलं ते यीस्ट. ही बिअर गाळून नितळ करत नाहीत, त्यामुळे कॅनच्या तळाशी यीस्ट शिल्लक असतं. नक्कल करणाऱ्या हौशी मंडळींनी काय केलं, तर कॅन रिकामा करताना तळाचा घोट राखला, त्याला माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पातळ पाणी पाजलं आणि ते वाढवलं. शेजारून विरजण आणावं तसं, फक्त शेजाऱ्याला न विचारता. त्या यीस्टचं टोपणनाव कॉनन. आता त्याच जातीचं यीस्ट विकतही मिळतं, पण भाच्याने हट्टाने कॅनमधूनच काढलं. पीच आणि जर्दाळूची जी झाक लागते ती बरीचशी या यीस्टची करणी.

बाकी काम हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचं. हॉप्स खूप वेळ उकळले की कडू होतात, म्हणून इथे बहुतेक माल गॅस बंद केल्यावर, ऐंशी अंशांच्या आसपास टाकायचा आणि उरलेला थेट आंबणाऱ्या बिअरमध्ये. १९ लिटरला पाव किलोच्या वर हॉप्स गेले म्हणे. एवढा खर्च ऐकून मी गप्प बसले. त्याने सिमको, अमॅरिलो आणि सिट्रा या जातींचे घेतले. ब्रुअरीचं खरं प्रमाण तिच्यापाशी. पाणी मात्र मऊ हवं, त्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त, म्हणजे चव गोलसर लागते. मुंबईच्या तलावांचं पाणी याला छान चाललं असतं, असं तो हळहळून म्हणाला. पाणी आहे, पण मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात ३३ अंश असतात, आणि कॉननला विशीच्या आतबाहेरचंच तापमान मानवतं. कायद्याने सोडलं असतं तरी उन्हाळ्याने सोडलं नसतं.

आयपीएतला 'आय' म्हणजे इंडिया. लंडनहून निघालेली बिअर आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला पोचायची. उकाड्याच्या देशांत पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त घाला, असा सल्ला अठराव्या शतकातच दिला जात होता. (हॉप्सवाचून ती वाटेतच खराब झाली असती, ही गोष्ट जरा फुगवलेली वाटते. काळी पोर्टर बिअरही जहाजातून येतच होती आणि गोरे सोल्जर तीच ढोसत होते.) पुढे इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या जिप्समच्या, म्हणजे सल्फेटच्या, पाण्यात ती आणखी कोरडी, आणखी कडक झाली. आणि तिची ही व्हरमाँटची नात? हॉप्स आजीच्या कितीतरी पट, पण जराशी हवा लागली की रंग मळतो, वास पडतो आणि मागे उरते ओल्या पुठ्ठ्याची चव. जिच्या नावात मुंबईचा प्रवास आहे तिलाच मुंबईचा प्रवास सोसत नाही.

ते चाखताना कळलंच. कॅनवर 'कॅनमधूनच प्या' असं छापलेलं आहे. आम्ही ऐकलं नाही, गढूळपणा बघायचा होता. आधी मूळ. संत्र्याची साल, थोडी चीडाची राळ, मग तो जर्दाळू. सुरेख होती, पण आवाज खालच्या पट्टीत. भाच्याने ती बरेच आठवडे आधी घेऊन ठेवलेली, त्यातले काही दिवस गाडीच्या डिकीत. दोष त्याचा, बिअरचा नव्हे. मग नक्कल, निघायच्या आदल्या रात्री केगमधून, म्हणजे बिअरच्या पिंपातून, भरलेली. ग्लास नाकाशी नेण्याआधीच वास आला.

"मावशी, आंबा येतो की नाही?"

येत होता. घरात देवगडची पेटी उघडी होती, त्यामुळे लगेच ताडून बघता आलं. हापूस नव्हेच. पाडाला आलेल्या रायवळचा, देठाजवळचा, चिकासकटचा वास. त्याला हे प्रमाणपत्र कमी वाटलं. मला तर एवढंही जमेल असं वाटलं नव्हतं. मात्र तोंडात ती जड होती, ओट्स सढळ हाताने पडलेले. मूळ बिअर अंगाने हलकी आहे आणि तिथे नक्कल सरळ हरली.

वासात मात्र जिंकली, आणि इथेच आमचं बिनसलं. त्याचं म्हणणं, मुळासारखी झाली नाही. माझं म्हणणं, ताजी हेडी टॉपर ब्रुअरीच्या गावी, वॉटरबरीत जशी लागत असेल तिच्या जास्त जवळ ही बाटलीच असणार, हा थकलेला कॅन नव्हे. तू नक्कल नक्की कशाची करतोयस? त्याने दोन्ही ग्लास पुन्हा हुंगले आणि उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, पुढच्या घाण्यात रत्नागिरीचा डबाबंद आमरस घातला तर? म्हटलं, घाल, पण मग परीक्षक दुसरा शोध. आमरसात आंबा ओळखायला मी कशाला हवी?

रात्री वहीत लिहिलं ते असं: ओट्स निम्मे, सिमको वाढवायचा, आणि केग लावायचा तो मुंबईचं तिकीट हातात आल्यावरच.