शायीच्या रानातला सरवा

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्र.

पाय भरून आलेत, तरी लिहायला बसले. उद्यावर टाकलं तर आजचं आज राहणार नाही.

सकाळी लेकीबरोबर बार्बिझाँला गेले. पॅरिसपासून साठेक किलोमीटर. गावात रेल्वे येत नाही, म्हणून मेलँला उतरून टॅक्सी केली. गाव म्हणजे मुख्यतः एकच लांब रस्ता. दोन्ही बाजूंना दगडी घरं, भिंतींवर लाल पडत चाललेले वेल. रस्त्याचं एक टोक शेतांत उतरतं, दुसरं थेट फाँतेनब्लोच्या जंगलात शिरतं. १९०३ पर्यंत हे स्वतंत्र गावही नव्हतं, शेजारच्या शायीची वाडी होती. एवढ्याशा वाडीत एकोणिसाव्या शतकात चित्रकार येऊन राहिले आणि त्यांच्या चित्रशैलीला वाडीचंच नाव पडलं.

गान नावाच्या कुटुंबाची इथे खानावळ होती. चित्रकार तिथेच उतरत. तिचं आता संग्रहालय झालंय. पावसात बाहेर पडता येत नसे तेव्हा ही मंडळी खानावळीतली कपाटं आणि दारंच रंगवत बसत. ती कपाटं अजून आहेत. एका फळीसमोर मी बराच वेळ उभी होते. जेवायला बसतो त्या खोलीत, हाताशी येईल त्या लाकडावर काढलेली चित्रं! ती माणसं तिथे किती घरच्यासारखी राहिली असतील, ते त्या फळीवरून कळलं.

मग जंगल. रस्ता संपतो आणि ओक-बीचची उंच झाडं सुरू होतात. नेचे तांबूस झालेले, पायाखाली वाळू. वाळू इतकी पांढरी आणि बारीक की मी ओंजळीत घेऊन पाहिली. तीन कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, ही त्याची वाळू. तिचाच पुढे घट्ट दगड झाला आणि आज हत्तीएवढे गोल खडक झाडांमध्ये बसलेत. आप्रमाँच्या घळीत तरुण मुलं पाठीवर गाद्या घेऊन ते चढायला आली होती. पॅरिसच्या रस्त्यांना फरसबंदीचे दगडही याच जंगलातून फोडून नेले जायचे.

झाडांवर आणि खडकांवर निळे पट्टे दिसतात. त्यांच्या मागे मागे चालायचं, वाट चुकत नाही. हे काम देनकूर नावाच्या माणसाचं. नेपोलियनच्या सैन्यातला हा जुना शिपाई. १८४० च्या दशकापासून त्याने या जंगलात सुमारे दीडशे किलोमीटर पायवाटा आखल्या. कोणीही साध्या माणसाने यावं, चालावं, बघावं, एवढाच त्याचा ध्यास. दुपारभर मी त्या माणसाच्या मागे चालत होते असंच मला वाटत राहिलं.

वाटेत एका खडकात काशाची गोल चकती बसवलेली आहे. तिच्यावर इथल्या दोन चित्रकारांचे चेहरे: थिओडोर रुसो आणि झाँ-फ्रान्स्वा मिले. रुसोचं मला फार कौतुक वाटतं. त्या काळी जुने ओक तोडून त्या जागी भराभर वाढणारी पाईनची लागवड चालली होती. चित्रकारांना ते सहन झालं नाही, काहींनी तर ती रोपं उपटून टाकली. रुसोने १८५२ मध्ये सरकारकडे अर्ज केला. १८५३ मध्ये ६२४ हेक्टर जंगल तोडीतून वगळलं गेलं आणि १८६१ मध्ये सम्राटाच्या हुकमाने हे क्षेत्र १,०९७ हेक्टर झालं. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान त्यानंतरचं, १८७२ चं. आपल्याकडच्या देवराया देवाच्या धाकाने टिकल्या. इथे कुऱ्हाड थांबली ती बघणाऱ्यांच्या हट्टाने. त्या जुन्या झाडांखाली उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो, तो मात्र अगदी देवराईसारखाच.

चार वाजता परत फिरून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. खरं तर मी आले होते ती याच्यासाठी. बार्बिझाँ आणि शायीच्या मधलं सपाट रान. नांगरून ठेवलेलं, तपकिरी, पार क्षितिजापर्यंत. मिले १८४९ मध्ये पॅरिसमधल्या कॉलऱ्यापासून मुलाबाळांना घेऊन इथे आला आणि १८७५ मध्ये इथेच गेला. जन्माने शेतकऱ्याचाच मुलगा. १८५७ चं त्याचं ते चित्र: कापणी झालेल्या रानात वाकलेल्या तीन बायका, उरलीसुरली कणसं वेचताहेत. मागे दूरवर धान्याच्या गंजी, भरलेली गाडी, घोड्यावरचा देखरेख्या. धान्य सगळं तिकडे, आणि बायका इकडे.

शाळेच्या पुस्तकात ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी म्हटलं होतं, ही तर माझी आजी! शेंगांची काढणी झाली की आजी दुसऱ्यांच्या रानात सरव्याला जायची. मालकाने हो म्हटल्यावरच. मातीत बोटं घालून सुटलेल्या शेंगा हुडकायच्या, ओटीत टाकायच्या. संध्याकाळी तिला पाठ सरळ करता यायची नाही. चित्रातली तिसरी बाई, ती अर्धवट वाकलेली, अगदी तशी उभी आहे.

"आई, सरवा म्हणजे काय गं?" लेकीने विचारलं. तिला हा शब्दच माहीत नव्हता. मी बांधावर बसून सांगितलं. आजीचा खोचलेला पदर, नखांत गेलेली माती, भाजलेल्या शेंगांचा वास, सगळंच सांगितलं. तिने मध्ये एकदाही फोन पाहिला नाही.

मिलेचं दुसरं चित्र, सांजेची घंटा ऐकून बटाट्याच्या रानात हात जोडून उभं राहिलेलं जोडपं, तेही याच मातीतलं. त्यात क्षितिजावर शायीचं चर्च आहे. ते सुचलं कशावरून, हे त्यानेच लिहून ठेवलंय: घंटा झाली की त्याची आजी रानातलं काम थांबवून सगळ्यांना प्रार्थना करायला लावायची. त्यालाही आजीच आठवली होती.

शायीच्या दफनभूमीत मिले आणि रुसो जवळजवळच आहेत. उजेड कमी होत होता, तिथे फार थांबता आलं नाही.

मंगळवारी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात जायचं ठरलंय. दोन्ही चित्रं तिथली. लेक म्हणाली, आजीचं चित्र आधी पाहू.