घरातल्या कामाला परवानगी कधी लागते? माझा अनुभव

खर्च किती होणार यावरून परवानगी ठरत नाही. लाखो रुपयांचं फरशी आणि रंगाचं काम बहुतेक वेळा पालिकेला न विचारता होतं, आणि दोन मजुरांनी दुपारभरात फोडलेली एक भिंत थेट नोटिशीपर्यंत जाते. म्हणून फ्लॅटमधलं काम काढताना मी कामांची यादी करतो आणि प्रत्येकासमोर एवढंच लिहितो की हे काम कशाला हात लावतंय. कॉलम, बीम किंवा स्लॅबला? वापराच्या क्षेत्रफळाला? इमारतीच्या बाहेरच्या बाजूला? सामाईक पाइपांना? चारही उत्तरं ‘नाही’ आली, तर सोसायटीला पत्र देऊन काम सुरू करता येतं.

कायद्याची मांडणीही साधारण अशीच आहे. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमाचं कलम ३४२ लागू होतं. त्यात ‘टेनंटेबल रिपेअर्स’साठी (घर राहण्याजोगं ठेवणाऱ्या साध्या दुरुस्त्यांसाठी) महापालिकेला सूचना द्यायची गरज नाही: गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ आणि सांडपाण्याचे पाइप बदलणं, विजेची फिटिंग, त्याच साहित्याचं छप्पर पुन्हा घालणं. पण त्याच कलमात पुढे अपवादही आहेत. लांबी-रुंदी-उंची बदलली, भार पेलणारी भिंत काढली, जोतं किंवा जमिनीची पातळी खाली नेली, पोटमाळा वाढवला, की ती दुरुस्ती राहत नाही. या पोटमाळ्यापाशी हमखास लोक अडकतात, कारण सुताराने केलेला लाकडी माळा त्यांना फर्निचर वाटतो.

मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. तिथेही रंग, गिलावा, फरशी, आतलं पार्टिशन, दोन खोल्यांमधला दरवाजा अशी कामं परवानगीशिवाय चालणाऱ्यांत येतात. मात्र आपल्या इमारतीचं नियोजन प्राधिकरण (बांधकामाला परवानगी देणारी संस्था) कोण, हे आधी पाहावं. म्हाडा, सिडको किंवा एमआयडीसीच्या हद्दीत पालिकेच्या खिडकीवर दिलेला अर्ज नुसता पडून राहतो.

आता भिंत. आरसीसी फ्रेमच्या इमारतीत ४ किंवा ६ इंची आतली भिंत सहसा पडदी असते, भार बीम-कॉलमवर असतो. जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतीत ९ किंवा १४ इंची भिंत वरचे सगळे मजले पेलत असते. ठोकून आवाज ऐकणं ही पद्धत विसरा, जाड गिलाव्यामागे सगळ्या भिंती सारख्याच वाजतात. खात्री होते ती मंजूर नकाशावरून. सोसायटीच्या दप्तरात तो नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून पालिकेकडून प्रत मिळते. मी थेट प्रत मागण्याऐवजी आधी नस्तीची (फाइलची) पाहणी मागतो, कारण सुधारित नकाशे एकापेक्षा जास्त असतात आणि नेमका शेवटचा ओळखावा लागतो. पडदी भिंत पाडतानाही वरच्या मजल्यावरची भिंत बरोबर तिच्या डोक्यावर आहे का, हे अभियंत्याला बघू द्यावं. बीम थोडा झुकलेला असेल तर काही भार त्या पडदीवर आलेला असतो, आणि ती काढल्यावर वरच्यांच्या फरशीला तडे जातात.

फरशीला परवानगी लागत नाही, पण वजनाचा हिशेब टळत नाही. जुनी फरशी न काढता वरून ४० मिमी मसाला आणि २० मिमी ग्रॅनाइट घातला, तर दर चौरस मीटरला साधारण १३० किलो वाढतात. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान धरून चौरस मीटरला सुमारे २०० किलोसाठी डिझाइन करतात (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, भाग २), म्हणजे निम्म्याहून जास्त भार तुम्ही फरशीतच संपवला. १० मिमीची टाइल ॲडेसिव्हने चिकटवली तर हाच आकडा ३० किलोच्या आसपास राहतो. बाथरूममध्ये खोलगट स्लॅबमधला कोबा फोडून काढलात, तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशीआधी किमान ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या फ्लॅटचं छत त्यांच्यासमक्ष बघा. सोसायटीकडे येणाऱ्या तक्रारींत गळतीइतकी दुसरी कुठलीच नसते.

बाल्कनी खोलीत घेणं हे मात्र सरळ क्षेत्रफळाचं प्रकरण. अनेक जुन्या मंजूर नकाशांत बाल्कनी चटईक्षेत्रात (बांधायला मंजूर असलेल्या क्षेत्रफळात) धरलेलीच नाही. मधली भिंत काढून ती खोलीला जोडली की बांधकामाचं क्षेत्र वाढतं, आणि सुधारित नकाशा व त्यावरचं शुल्क आलंच. ‘सगळ्यांनी केलंय’ हे उत्तर नोटिशीला चालत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम ५३ ची नोटीस बांधकाम काढायला सांगते, आणि कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

खिडकीवर येणारी फांदी छाटायची असेल तर विषय वेगळाच. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. ‘अडथळा होतो’ एवढंच लिहिलेला अर्ज मागे पडतो. कोणती फांदी, किती जाड, कशावर टेकलीय, हे फोटोसह द्यावं. झाड तोडायचंच असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट येते.

जिथे परवानगी लागते तिथे अर्ज परवानाधारक वास्तुविशारदामार्फत जातो. सोबत मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, कराची पावती, मंजूर नकाशा, प्रस्तावित बदलाचा नकाशा, संरचना अभियंत्याचा दाखला आणि सोसायटीचं ना हरकत पत्र. सोसायटीचं पत्र म्हणजे परवानगी नव्हे, आणि पालिकेची मंजुरी हातात आहे म्हणून सोसायटीला वगळताही येत नाही. फाइल सर्वांत जास्त अडकते ती नावावर: कराच्या पावतीवर जुना मालक, भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) दोन नावं, अर्जावर एकच सही. हे आधी जुळवलं तर निम्म्या त्रुटी येतच नाहीत. अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्यावी, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेपासून मोजतात. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार परवानगी मिळाली असं मानतात, पण प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच. एवढ्या भरवशावर घण हातात घेऊ नका, आधी लेखी विचारणा करून तिचीही पोच ठेवा.

परवानगी एक वर्ष चालते. मुदत संपण्याआधी अर्ज केला तर वर्षावर्षाने, जास्तीत जास्त तीन वर्षं वाढवून मिळते. काम झाल्यावर बदललेल्या नकाशाची प्रत आणि अभियंत्याचा दाखला सोसायटीत जमा करावा. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीची दर ५ वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते, आणि तपासायला आलेला अभियंता तुमच्या दारात उभा राहून पहिल्यांदा तेच कागद मागतो.