तंबाखूत औषध असतं ना? तुम्ही विचारलंत म्हणून

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि माहेर तंबाखूच्या निपाणीचं. त्यामुळे हा प्रश्न मला चुकत नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी बार भरता भरता विचारतंच, "तंबाखूवर संशोधन चाललंय म्हणे, पार्किन्सनच्या कंपवाताला चालते. मग आम्ही खाल्ली तर काय बिघडलं?" मागच्या दिवाळीत मामांनी विचारलं तेव्हा त्यांच्या तळहातावर चुना होता, म्हणून मी चुन्यापासूनच सुरुवात केली.

पानातलं निकोटिन आम्लांशी बांधलेलं असतं. चुना लावून मळलं की ते सुटं होतं आणि गालातून भरभर रक्तात उतरतं. स्वीडनमध्ये उवे फर्नो यांनी निकोटिनचं च्युइंगगम बनवलं, तेव्हा त्यातही सोड्यासारखा क्षार घातला तो याच कारणासाठी. म्हणजे निपाणीच्या वखारीतल्या हमालाला जे ठाऊक होतं, तेच औषध कंपनीला करावं लागलं. मामा खूश झाले. मी म्हटलं, थांबा, पुढचं ऐका.

गममध्ये निकोटिन असतं, पान नसतं. फरक इथेच आहे. पानात निकोटिनबरोबर नॉरनिकोटिन, अनाबेसिन, अनाटॅबिन ही भावंडंही असतात. तंबाखू सुकते, मुरते, वखारीत पडून राहते, तेव्हा निकोटिन आणि नॉरनिकोटिनपासून नायट्रोसामाइनं नावाची संयुगं तयार होतात, आणि त्यांतली दोन माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेलं आहे. औषध म्हणून ज्याचं कौतुक ऐकता, त्याचंच हे दुसरं रूप तुमच्या गालफडात बसलेलं असतं.

आता पार्किन्सन. धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, हे अनेक दशकांच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळलंय. प्राण्यांवरच्या प्रयोगांनीही आशा वाढवली. मग जर्मनी आणि अमेरिकेत नुकतंच निदान झालेल्या दीडशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. काहींना वर्षभर निकोटिनचे पॅच, काहींना तसेच दिसणारे रिकामे. २०२३ मध्ये निकाल छापून आला: आजार मंदावला नाही. मला ही बातमी वाचून खरंच वाईट वाटलं होतं, कारण वर्गात मी ती आशा पोरांना सांगत आले होते.

मग आधीच्या पाहण्यांचं काय? एक शक्यता मला फार पटते. पार्किन्सन दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी मेंदूतलं डोपामिन, म्हणजे मजा जाणवून देणारं रसायन, घटू लागतं. अशा माणसाला सिगारेटची मजाच कमी येत असेल, म्हणून त्याला ती सहज सुटत असेल. म्हणजे सिगारेटने आजार टाळला नाही, येऊ घातलेल्या आजाराने सिगारेट सोडवली. उलटी गाडी.

अनाटॅबिनची कथा तर थेट राजकारणात गेली. अमेरिकेत एका कंपनीने ते आहारपूरक गोळी म्हणून विकलं. तिच्या प्रमुखाकडून महागड्या भेटी आणि कर्ज घेतल्याच्या प्रकरणात व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल २०१४ मध्ये दोषी ठरले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. गोळी मात्र तोवर बाजारातून गेली होती. एवढा गाजावाजा रेणूच्या वाट्याला आला, पुरावा नाही.

निकोटिनचं एक देणं मी मनापासून मानते. औषध पेशीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं, ही कल्पना केंब्रिजच्या जॉन लँगलीने १९०५ मध्ये मांडली, ती निकोटिन आणि स्नायू लुळे पाडणारं क्युरारे हे विष यांच्या प्रयोगांतून. त्या जागा, म्हणजे ग्राही, आजही निकोटिनच्या नावानेच ओळखले जातात.

मामांना मी दोन मिलिग्रॅमच्या गमचं पाकीट आणून दिलं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळतं. चौथ्या दिवशी फोन आला, "अगं, याला चुना लावायचा का?"