‘माल’ या शब्दापाशी

सागरी विमा शिकवताना मी बरीच वर्षं ‘ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट’ दोन ओळींत उरकत होते. 1783 चा निकाल, मुद्दा ‘समुद्राचे धोके’, पुढची स्लाइड. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, यातला माल म्हणजे नक्की काय?”

माल म्हणजे माणसं. 1781 मध्ये ‘झाँग’ जहाजावरून 130 हून अधिक गुलाम आफ्रिकींना समुद्रात फेकलं गेलं. पाणी संपत आलं होतं, असा दावा. जहाजाच्या मालकांनी विमा उतरवणाऱ्यांकडे माणशी 30 पौंड भरपाई मागितली आणि ज्युरीने ती मान्यही केली! इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डनी फेरसुनावणीचा आदेश दिला. पण वाद होता विम्याचा, खुनाचा खटला कुणावरच चालला नाही.

आता या निकालाला मी पूर्ण तास देते. आधी नुसता कायदा: फेकण्याची आवश्यकता होती का, ती कुणी सिद्ध करायची? मग फळ्यावर ‘माल’ लिहून विचारते, हा शब्द कुणी ठरवला? वर्ग गप्प होतो. मी घाई करत नाही.

अभ्यासक्रमात शेवटी एक ‘वसाहतवाद’ नावाचं प्रकरण चिकटवणं मला पटत नाही. मालमत्ता कायद्याची सुरुवातच मी ‘माबो’ या ऑस्ट्रेलियातल्या जमीनहक्काच्या खटल्यापासून करते. 1889 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ऑस्ट्रेलियातली वसाहत जवळपास निर्जन प्रदेश ठरवली होती; तिथल्या मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क ‘हाय कोर्ट’ या ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मानला तो थेट 1992 मध्ये, ‘माबो’च्या निकालात.

परीक्षेत ‘झाँग’वर प्रश्न कसा काढायचा, हे मात्र अजून जमलेलं नाही. गेल्या वर्षीचा मी स्वतःच खोडला.