तरसाला नऊ घाव

बाणेरच्या आमच्या छोट्या स्टुडिओत शनिवारी प्लेटेस्ट असते. बाहेरची माणसं येऊन आमचा अर्धाकच्चा गेम खेळतात आणि आम्ही मागे बसून बघतो. नियम एकच, पण कडक: खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही. तो भलत्याच वाटेने निघाला तरी तोंड उघडायचं नाही. माझं काम बॅलन्सिंगचं. कुठल्या शत्रूला किती हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, कुठल्या हत्याराचा किती मार, कितव्या लेव्हलला खेळाडूच्या हाती काय लागावं, या सगळ्याच्या शीट्स मी सांभाळतो.

गेम ओपन-वर्ल्ड फँटसी आरपीजी आहे, म्हणजे खेळाडू मोकळ्या जगात हवं तिकडे फिरतो आणि त्याचं पात्र लेव्हल चढत बळावत जातं. सह्याद्रीसारखा मुलूख, घाटवाटा, ओस पडलेले गड, वेताळ, जखिणी. सुरुवात एका वाडीत होते, आणि वाडीबाहेरच्या ओढ्यावर पहिल्याच रात्री तरस भेटतं. नवा खेळाडू इथे हमखास मरतो. कोण कुठे मेलं याचा एक नकाशा आम्ही ठेवतो, प्रत्येक मरणाला एक लाल ठिपका. त्यावर ओढ्याची जागा लालभडक दिसते.

त्या शनिवारी आलेली मुलगी कॉलेजात शिकणारी. आधीच्या प्लेटेस्टनाही आली होती, त्यामुळे तिचं सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, बरंच पुढे होतं, लेव्हल १४. तलवारीवर तिने फारसे पॉइंट घातले नव्हते. झाडपाल्याची औषधं करणं आणि माणसांना बोलून वळवणं हा तिचा खेळ. वाड्यावाड्यांतली भांडणं मिटवत, जखमी माणसं बरी करत ती लेव्हल चढत आली होती. असे खेळाडू मला मनापासून आवडतात, कारण ते जग नीट बघत चालतात.

त्या दिवशी तिच्यापुढे नवी क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, होती. ती तिने तशीच सोडली आणि घाट उतरून थेट पहिल्या वाडीकडे निघाली. तिथे आता कुणाचं काही काम उरलेलं नव्हतं. ती का चालली आहे ते ओढ्यावर पोचल्यावर कळलं. काठावर उभी राहून, तलवार उपसून ती स्वतःशीच म्हणाली, "ये आता."

तरस आलं. पाच घाव झाले तरी उभं. सातव्या घावापर्यंत तिची स्वतःची हेल्थ निम्म्याखाली गेली. नवव्या घावाला तरस पडलं. जिंकली होती ती, पण तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि मागे वळून विचारलं,

"दादा, हे तेच तरस आहे ना?"

मी नियम बाजूला ठेवला. "हो, तेच."

"मग हे एवढं कधी शिकलं?"

उत्तर शीटमध्ये होतं. लेव्हल १ ला तरसाची हेल्थ ६०. खेळाडूची लेव्हल एकाने वाढली की तरसाची हेल्थ २० ने वाढते, म्हणजे लेव्हल १४ ला ३२०. नव्या खेळाडूच्या तलवारीचा मार १२, म्हणून पहिल्या रात्री पाच घाव. सगळे पॉइंट तलवारीत घालणाऱ्याचा मार १४ व्या लेव्हलपर्यंत ६४ होतो, म्हणजे पुन्हा पाचच घाव. त्याला निदान कळत तरी नाही. हिचा मार होता ३६. पहिल्या रात्री पाच घावांत पडणारं तरस आता नऊ मागत होतं. इतकी माणसं बरी करून, इतकी भांडणं मिटवून ती त्या ओढ्यावर पहिल्यापेक्षा दुबळी ठरली होती.

"मी दर रविवारी सिंहगड चढते," ती म्हणाली. "पहिल्यांदा आतकरवाडीतून वर जाताना चारदा बसले होते. आता एका दमात पुणे दरवाज्यापर्यंत जाते. गड तेवढाच आहे म्हणून तर मला ते कळतं ना, दादा."

हा रोग या जातीच्या गेम्सना जुना आहे. 'ऑब्लिव्हियन' २००६ साली आला तेव्हा त्यात हेच होतं. तुम्ही निवडलेल्या मुख्य कौशल्यांमध्ये मिळून दहा वाढी झाल्या की झोपून उठल्यावर लेव्हल वाढायची, आणि तुमच्याबरोबर जगातले बहुतेक शत्रू वाढायचे. मुख्य कौशल्यं म्हणून बोलणं आणि औषधं घेतली की लेव्हल चढे, लढाईचं बळ मागेच राही. शेवटी शेवटी रस्त्यावर शंभर मोहरा मागणारा लुटारू अत्यंत महागडं काचेचं चिलखत घालून उभा असे. एवढं ऐश्वर्य अंगावर असलेला माणूस शंभर मोहरांसाठी उन्हात का उभा राहील? खेळाडूंनी मग उलटा हिशोब मांडला. जी कौशल्यं वापरायचीच नाहीत ती मुख्य म्हणून घ्यायची, म्हणजे लेव्हल आपल्या मुठीत राहते. मोठं व्हायचं टाळणं हाच शहाणपणाचा डाव ठरावा, यापेक्षा वाईट गोष्ट आरपीजीच्या बाबतीत मला सुचत नाही.

त्याच दुपारी आम्ही मीटिंगला बसलो. आमच्या लीडचं, म्हणजे टीमप्रमुखाचं, म्हणणं सोपं होतं आणि खोटं नव्हतं. "अरे, खेळाडू कुठल्या दिशेला जाईल ते आपल्याला माहीत नाही. सगळं ठरावीक ठेवलं तर उत्तरेला गेलेला लगेच मरेल, आणि दक्षिणेकडून फिरून आलेल्याला उत्तर पोरखेळ वाटेल. निम्मा नकाशा वाया. आपण माणसं किती, वेळ किती?" छोट्या टीमला ही भीती खरीच असते. एक सूत्र लावलं की सगळा मुलूख एकदम खेळण्याजोगा होतो.

कुणीतरी म्हणालं, तिला ईझी मोड द्या. ते मला मुळीच पटलं नाही. डिफिकल्टी, म्हणजे सगळा खेळ सोपा-अवघड करणं, हा वेगळा खटका आहे. 'स्कायरिम'मध्ये सगळ्यात अवघड 'लेजंडरी' लावलं की तुमचा मार पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट. शत्रू हुशार होत नाही, लढाई फक्त लांबते. ईझीवर तीच लढाई आखूड होते. पण तरस तिच्या मागोमाग वाढत आलं ही गोष्ट दोन्हीकडे तशीच राहते, आणि तिची तक्रार नेमकी तीच होती.

मी दोन गेम्सचे दाखले पुढे ठेवले. एक 'स्कायरिम'चाच, २०११ चा. तिथे बहुतेक भागांना किमान, आणि काहींना कमालही, लेव्हल दिलेली असते. पहिल्यांदा त्या भागात शिरताना तुमची लेव्हल बघून त्याची लेव्हल ठरते आणि पुढे तशीच राहते. दुसरा 'एल्डन रिंग', २०२२ चा. तो तुमच्या लेव्हलकडे बघतच नाही. उघड्या माळावर पाऊल टाकलं की समोर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो आणि नवख्याला चिरडून टाकतो. त्याला वळसा घालून जायचं, ताकद कमवायची आणि परत यायचं. तो तिथेच, तेवढाच असतो. परत येण्याला त्यामुळे अर्थ राहतो, आणि खेळाडू पुढे ज्या लढाया एकमेकांना सांगत बसतात त्या बहुतेक अशा परत येण्याच्याच असतात.

लीडने विचारलं, "तरसाची कमाल किती ठेवशील?"

"चार. लेव्हल चारनंतर ते वाढणार नाही."

शीटमध्ये प्रत्येक शत्रूपुढे दोन नवे रकाने आले, किमान आणि कमाल. संध्याकाळपर्यंत नवं बिल्ड, म्हणजे गेमची बदललेली आवृत्ती, तयार झालं. ती मुलगी थांबली होती. समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आली आणि तेच सेव्ह उघडून पुन्हा ओढ्यावर गेली. तरसाची हेल्थ आता १२०, त्यामुळे तिच्या तलवारीला चार घाव. तलवारबाजाला दोनच लागले असते, आणि तो फरक मला हवा होता. त्याने जे निवडलं ते त्याला मिळावं, हिने जे निवडलं त्याची हिला शिक्षा होऊ नये. दुसरं तरस झुडपातून निघालं तेव्हा तिने तलवार उपसलीच नाही. त्याच्या बाजूने चालत ओढा ओलांडून निघून गेली. मागे बसलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसलो.

वेताळाला आम्ही उलटं केलं आहे, किमान २०, खेळाडू कितीही नवखा असला तरी. लवकर गेला तर मरेल, आणि वेताळाच्या गडाखालच्या वाडीतली माणसं त्याला तसं आधी बजावतील. हे संवाद अजून लिहायचे आहेत. मधल्या जनावरांचे रकाने भरणं चालू आहे.

वाद उरला आहे तो लुटारूंवर. लीडला ते खेळाडूबरोबर वाढायला हवेत, म्हणजे घाटातला रस्ता शेवटपर्यंत धोक्याचा राहील. मी म्हणतो, वाढवा. पण लुटारूच्या अंगावर भारी चिलखत चढलं तर ते त्याने कुठून लुटलं, ती जागा नकाशावर असली पाहिजे: जळालेला तांडा, रिकामं कोठार, तक्रार घेऊन बसलेला सावकार. सोमवारी आर्टवाल्यांशी याच्यावर बोलायचं आहे.