ठेवायची कोणती आणि कापायची कोणती?

मी घरी कोंबड्या पाळतो आणि घरीच कापतो हे कळले की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, हाताने वाढवलेली कोंबडी कापताना हात कचरत नाही का? कचरतो, आणि तो कचरावाच. दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात: कोणती ठेवायची आणि कोणती कापायची, हे ठरवता कसे? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उबवणीतून निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात आणि आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो. उरलेल्या नरांचे काय करायचे हे ज्याला ठरवायचे नसेल, त्याने अंडी उबवायला ठेवूच नयेत. निवड कोणालाच चुकत नाही, मात्र बहुतेक घरांत ती उलटी होते. पाहुणे आले की सर्वांत आधी भरलेला, वजनदार कोंबडा पातेल्यात जातो आणि मागे राहिलेला किरकोळ नर पुढच्या पिढीचा बाप होतो. काही पिढ्या असेच चालले की कोंबड्या पूर्वीसारख्या भरत नाहीत म्हणून खाद्याला दोष दिला जातो.

म्हणून मी पिल्लांच्या पायात क्रमांकाची कडी घालतो आणि एकाच उबवणीतले सगळे नर सोळाव्या आठवड्यात एकाच दिवशी तोलतो. वजन बऱ्याच अंशी आई-बापांकडून उतरते, त्यामुळे ही निवड लवकर फळाला येते. अंड्यांच्या संख्येचे तसे नाही; तिच्यावर खाद्य, उजेड आणि आरोग्य यांचा मोठा प्रभाव असतो, आणि कोंबडा तर स्वतः अंडी घालत नाही. तो निवडताना त्याची आई आणि बहिणी किती अंडी घालतात हे पाहावे लागते, कारण कळपातल्या प्रत्येक पिल्लाचा अर्धा वारसा त्याच्याकडून येणार असतो. अंगावर धावून येणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी मी ठेवत नाही; तो स्वभावही पुढे उतरतो.

मादी हाताने तपासता येते. तिला काखेत धरून शेपटीकडची बाजू आपल्यासमोर घ्यावी. अंड्यावर असलेल्या, म्हणजे सध्या अंडी घालणाऱ्या कोंबडीचे गुदद्वार रुंद आणि ओलसर असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात. अंडी बंद असतील तर ते आखडलेले, कोरडे लागते आणि एखादेच बोट कसेबसे मावते. मात्र पिसे झडण्याच्या काळात किंवा कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली असताना ही परीक्षा घेऊन निकाल देऊ नये. खुडूक कोंबडी कित्येक आठवडे अंडी देत नाही, म्हणून पुष्कळ जण तिला आधी काढतात. मी मात्र चांगल्या आया जपून ठेवतो, कारण २१ दिवस अंडी उबवून पुढे पिल्ले सांभाळण्याचे काम त्या यंत्रापेक्षा कमी कटकटीत करतात.

लहान कळपात खरी भीती रक्ताच्या जवळिकीची असते. त्यावर सोपा उपाय म्हणजे कळपाचे तीन गट करावेत, तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आईच्याच गटात ठेवाव्यात आणि तरणे कोंबडे नेहमी ठरावीक क्रमाने पुढच्या गटात न्यावेत. कोंबडा बदलला तरी आधीच्याचे वीर्य मादीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकून राहते, म्हणून तेवढ्या काळातली अंडी उबवायला न ठेवता खाऊन टाकावीत.

कापण्याआधी दहा-बारा तास खाद्य बंद ठेवतो, पाणी नाही. कोंबडी नरसाळ्यात उलटी ठेवली की फडफड कमी होते. मग जबड्याखाली दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या धारदार सुरीने कापतो. साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवल्यावर शेपटीचे पीस अलगद निघाले तर पाणी बेताचे झाले असे समजावे. जास्त तापले तर कातडी फाटते. पित्ताची पिशवी फुटू न देता काळीज (यकृत) काढावे लागते.

पोट उघडल्यावर मी घाई करत नाही, कारण निवड बरोबर होती की नाही हे तिथे दिसते. काळजावर ठिपके आहेत का, आतड्यांत जंत आहेत का, चरबी किती साठली आहे, हे पाहतो. अंडी बंद म्हणून काढलेल्या कोंबडीच्या पोटात मोठ्यापासून राईएवढ्यापर्यंत बलकांची रांग निघाली, तर ती अंड्यावर होती आणि बोटांची परीक्षा चुकली, हे उघड होते. असा निकाल वहीत तिच्या कडीच्या क्रमांकापुढे लिहितो आणि तिच्या बहिणींना पुन्हा तपासल्याशिवाय हात लावत नाही. मांस थंड जागी दिवसभर ठेवून मगच शिजवतो. लगेच शिजवले तर ते चिवट लागते.