गॅरेजातली बैठक

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला येऊन मला दीड वर्ष झालं. घरमालक पंचाहत्तरीचे. त्यांच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं आहे, मुख्य म्हणजे कॅसेटी. भिंतभर नव्वद मिनिटांच्या मॅक्सेल, प्रत्येकीच्या कडेवर बारीक अक्षरात तारीख आणि गाव. बँडचं नाव कुठेच नाही, कारण बँड एकच: ग्रेटफुल डेड. १९६५ साली इथेच जवळ, पालो आल्टोत सुरू झालेला. तीस वर्षांत २३०० हून जास्त कार्यक्रम केले आणि १९९५ मध्ये जेरी गार्सिया गेल्यावर थांबला.

शनिवारी संध्याकाळी त्यांचे दोन मित्र येतात. पहिल्यांदा मला वाटलं, भांडण चाललंय. होतंही तसंच. वाद होता ८ मे १९७७ चा कॉर्नेलचा कार्यक्रम सरस की दुसऱ्या दिवशीचा बफलोचा! स्टुडिओतल्या रेकॉर्डींना तिथे फारसा मान नाही. घरमालकांच्या मते तो गाण्याचा पासपोर्ट फोटो.

कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधल्या त्या रात्री मे महिन्यात बाहेर बर्फ पडत होतं. ‘स्कार्लेट बेगोनियाज’ या गाण्यातून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये शिरताना जोड कुठे झाला ते कळतच नाही, दोन्ही मिळून पंचवीसेक मिनिटं. टेप केली बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी. पुढे गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्यांच्या टेप्सचा लिलाव झाला. या टेप्सच्या प्रती मग हातोहात पसरल्या. आता कॉर्नेलचं ते ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत आहे.

एक मित्र मात्र पाखंडी. तो म्हणतो, “कार्यक्रम महान नव्हता, टेप महान होती. ती हातोहात पसरली नसती तर आज कॉर्नेलचा उदो उदो केला नसतात.” यावर बाकीचे दोघे जे पेटतात!

मला हे सगळं ओळखीचं वाटलं. बाबा आणि त्यांचे मित्र असेच एका रागावर रात्र काढायचे: अमक्या बैठकीतला की तमक्या? फरक एवढाच, की आमच्याकडे बैठकीची टेप ‘कुणाला देऊ नकोस’ या अटीवर मिळायची आणि ती अट मोडूनच पुढे जायची. इथे बँडनेच १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखली. नियम एकच: विकायचं नाही. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की प्रत मिळायची.

बँडचा ड्रमवाला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकलेला. त्यामुळे मी मुंबईची म्हटल्यावर या तिघांनी मला उगाचच जाणकार ठरवलं. मग मीही फोनमधून बाबांकडचा एक खासगी बैठकीतला मारवा लावला. तिघेही गप्प. संपल्यावर घरमालकांचा पहिला प्रश्न, “तारीख?”

तारीख नव्हती. एवढा चांगला मारवा आणि तारीख नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“तारीख कुणी लिहितं का? पावसाळा होता. नीट ऐक, पत्र्यावर पाऊस वाजतोय.”

परत ऐकलं. वाजत होता. इतकी वर्षं मी ती टेपची खरखर समजत होते.

घरमालकांनी मारवा कॅसेटवर उतरवून घेतला आणि कडेवर बारीक अक्षरात लिहिलं: दादर, पाऊस.